कॉन्यूर पाळायचाय? आधी मे महिन्याची तयारी करा

कॉन्यूर म्हणजे दक्षिण अमेरिकेतला छोटा पोपट. आमच्या घरी आमची कॉन्यूर, चिंगी, आली ती डिसेंबरात. परभणीची थंडी म्हणजे पारा दहाच्या खाली, म्हणून आम्ही सगळी तयारी थंडीचीच केली होती. पिंजऱ्यावर चादर, खिडकीला पडदा. एप्रिल लागला आणि एका दुपारी लाइट गेली. तासाभराने पाहिलं तर चिंगी चोच उघडी टाकून धापा टाकत होती, पंख अंगापासून दूर धरलेले. त्या दिवशी ती वाचली, पण तेव्हापासून कुणी विचारलं की मी उन्हाळ्यापासूनच सुरुवात करतो.

दुकानात ज्याला नुसतं 'कॉन्यूर' म्हणतात, तो बहुतेक वेळा हिरव्या गालाचा ग्रीन-चीक कॉन्यूर असतो. 'पायनॅपल' हा त्याचाच वेगळ्या रंगाचा प्रकार. मूळचा बोलिव्हिया, पॅराग्वे, ब्राझीलचा पश्चिम भाग आणि अर्जेंटिनाचा उत्तर भाग इथल्या जंगलांतला. लांबी साधारण २६ सेंटीमीटर, वजन ६० ते ८० ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या अंड्याहून थोडं जास्त. पिवळाधमक सन कॉन्यूरही मोह घालतो, पण त्याचा आवाज फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना सोसवत नाही. ग्रीन-चीक त्या मानाने शांत. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं सहज जगतो. घरातलं पोरगं आज सातवीत असेल, तर ते शिकायला पुण्याला गेल्यावर पक्षी कुणाच्या गळ्यात पडणार, हे आजच ठरवा.

कागद आधी

आपला हिरवा राघू पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पिल्लू बाजारात कितीही उघड विकायला असलं तरी. कॉन्यूर परदेशी असल्याने पाळता येतो, पण त्याचं नाव वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या (साइट्स) यादीत आहे. म्हणून २०२४च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, तीही पक्षी हाती आल्यापासून तीस दिवसांत. विकणाऱ्याकडून पक्क्या बिलाबरोबर त्याच्याकडच्या नोंदणीचा कागद मागून घ्या. तो टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा. बजरीगर आणि कॉकटील हे छोटे पोपट त्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांना ही नोंदणी लागत नाही. पहिलाच पक्षी असेल तर बजरीगरचाही विचार करा, त्यात काही कमीपणा नाही.

पिंजरा आणि घर

पिंजरा लांबी, रुंदी, उंचीला किमान दोन-दोन फूट हवा. गजांमधलं अंतर अर्धा ते पाऊण इंच, त्याहून जास्त असेल तर डोकं अडकतं. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी टाळा. हा पक्षी दिवसभर चोचीने गज चावतो आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. आतली गुळगुळीत लाकडी दांडी काढून कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या, फवारणी न झालेल्या फांद्या लावा. जाडी कमी-जास्त असली की पायांना व्यायाम मिळतो, वर साल सोलायचा उद्योगही.

पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. डासांची कॉइल, फवारे, उदबत्तीचा दाट धूर हेही त्याच्या फुफ्फुसाला झेपत नाही. आणि छताचा पंखा! पक्षी बाहेर असताना पंख्याचं बटण बंद आहे का, हे घरातल्या प्रत्येकाने स्वतः बघायचं. आम्ही बटणावर लाल टेप चिकटवली आहे, आजीलाही लांबून दिसावी म्हणून.

गॅलरीत ठेवायचा असेल तर वरून छप्पर आणि बारीक जाळी हवी, कावळ्या-कबुतरांची विष्ठा आत पडता कामा नये. २०२१च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, तेव्हापासून आम्ही पिंजरा घरातच ठेवतो.

मार्च ते जून

पक्ष्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो श्वासावाटे आणि उघड्या चोचीतून बाहेर टाकतो. त्यात हा जंगलातला, आणि आपली हवा मार्चपासून कोरडी ठक्क. पत्र्याखालची किंवा सगळ्यात वरच्या मजल्यावरची खोली त्याला देऊ नका. कूलर चालतो, पण झोत थेट अंगावर नको आणि टाकीतलं पाणी शिळं नको. रोज सकाळी पसरट वाटीत पाणी ठेवा, तो स्वतःच डुंबतो. नाही डुंबला तर कोमट पाण्याचा बारीक फवारा मारा. टँकरचं पाणी असेल तर पिण्यासाठी आपण पितो तेच गाळलेलं द्या, आणि दिवसातून दोनदा बदला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत असलं तरी त्याची वाटी शिळी राहता कामा नये.

धापा टाकू लागला तर सावलीत हलवा, पाय ओल्या फडक्याने पुसा, पंखांखाली हलका फवारा मारा. बर्फाचं पाणी अजिबात नको, धक्का बसतो.

खाणं

दुकानदार सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट हातात देतो. नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याच्या यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. आम्ही निम्म्याहून जास्त पेलेट (पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य) देतो, बाकी राळा, बाजरी, मोड आलेले मूग, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला. हिरवी मिरची तो पेरूसारखी खातो, पक्ष्यांना तिखट लागत नाही. करडई आणि सूर्यफूल शिकवताना बक्षीस म्हणून, चार-पाच दाणे. मोडाचं धान्य उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं, उरलेलं उचलाच. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा, लसूण, सफरचंदाच्या बिया हे सगळं घातक. पाहुणे लाडाने शेव-फरसाण देतात, तेही थांबवा.

ओळख

पहिले चार-पाच दिवस हात लावू नका, शेजारी बसून बोला. मग हातातून दाणा, मग पोटाशी बोट टेकवून 'ये' म्हणा. चावला तर ओरडू नका, हात झटकू नका. ओरडणं त्याला खेळ वाटतो. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. टीव्हीच्या खोलीत झोपलेला पक्षी दुसऱ्या दिवशी हमखास चावरा असतो.

आजारपण

पक्षी आजार लपवतो. म्हणून दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, ग्रॅममध्ये वजन दाखवणाऱ्या काट्यावर त्याला उभं करा आणि आकडा वहीत लिहा. दहा टक्के घट झाली की वाट बघू नका. पिसं फुगवून तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपटी हलणं, विष्ठेचा रंग बदलणं, हीही घाईचीच लक्षणं. पक्ष्यांचा सराव असलेला डॉक्टर तालुक्याला मिळणं अवघड. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे निरोगी असतानाच एकदा दाखवून आणा. छोटा प्रवासी पिंजरा, तळाशी जुना टॉवेल घालून, दाराजवळ तयार ठेवा.