नांदूर मध्यमेश्वरला जोडीनं जा

हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्ष्यांचे फोटो काढायला एकट्यानं जाऊ नका, दोघं मिळून जा. उजाडताना चापडगावच्या बाजूला पोहोचा, सूर्य पाठीशी घ्या. एकानं कॅमेऱ्याला डोळा लावायचा, दुसऱ्यानं दुर्बिणीतून थव्यावर नजर ठेवायची. बदकं उडण्याआधी बहुधा माना ताणून डोकी झटकतात. ते दिसलं की हलकेच ‘आता’ म्हणायचं. शटरचा वेग १/२००० सेकंद, फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर. मग जागा बदला, दोघांनाही फोटो मिळायला हवेत.

शेकाट्या या उथळ पाण्यात चरणाऱ्या पक्ष्याचा फोटो मात्र उभ्यानं काढू नका. काठावर बसा, कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा. लांब गुलाबी पाय आणि त्यांचं थरथरतं प्रतिबिंब, दोन्ही एका चौकटीत येतात. पक्षी चरायचे थांबून तुमच्याकडे बघू लागले, तर पुढं सरकू नका.