मुधोळचे पिल्लू घेताना: टाळू, नखे आणि कागद

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुत्र्याचे पिल्लू घ्यायचे ठरले की कोणी तरी जाणते माणूस आधी त्याचा जबडा उघडते आणि टाळू काळी दिसली की ‘अस्सल आहे, घ्या’ असा निकाल देऊन मोकळे होते. मुधोळ शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातच असल्यामुळे आपल्याकडे ही परीक्षा बहुधा मुधोळ हाऊंड या शिकारी जातीच्या, म्हणजेच कारवानीच्या, पिल्लाला द्यावी लागते. परंतु जातिवंतपणा हा पिल्लाच्या अंगावर उमटलेला शिक्का नव्हे. त्याचे आईबाप, आणि त्यांचेही आईबाप, कोण होते याची ती नोंद असते. ती नोंद तोंडात सापडत नाही.

टाळूचा काळेपणा हा केवळ रंगद्रव्याचा भाग आहे. आमच्या गल्लीत भाकरीच्या तुकड्यांवर वाढलेल्या एका गावठी कुत्रीच्या चार पिल्लांची तोंडे मी एकदा मुद्दाम उघडून पाहिली, तेव्हा दोघांची टाळू कोळशासारखी काळी, एकाची ठिपक्याठिपक्यांची आणि चौथ्याची स्वच्छ गुलाबी निघाली. चारही एकाच वेताची होती. उलट, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद असलेल्या कुत्र्यांतही गुलाबी टाळू सर्रास आढळते.

वीस नखांचे कुत्रे अस्सल मानतात, त्या ‘वीसनखी’चेही तसेच आहे. सामान्यतः कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी अठरा नखे असतात. मागच्या पायांना एकेक जादा नख आले की ती वीस होतात. फ्रान्समधील बोसरॉन जातीत मागच्या पायांवर दुहेरी जादा नख असणे हा जातीच्या मानकाचाच भाग आहे, पण म्हणून वीस नखांचे प्रत्येक कुत्रे उच्च जातीचे ठरत नाही, कारण हे नख गावठी कुत्र्यांनाही असते. पिल्लाला कानाला किंवा मानगुटीला धरून उचलायचे आणि ते ओरडले नाही तर जातवंत समजायचे, ही परीक्षा तर कोणालाही करू देऊ नये. तिच्यात पिल्लाच्या यातनेखेरीज काहीही सिद्ध होत नाही.

रंगावरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. काळ्या लॅब्राडोर जोडीच्या पोटी पिवळे पिल्लू जन्मू शकते. दोघांकडेही पिवळ्या रंगाचे दडलेले जनुक असले की झाले. कारवानीत तर अनेक रंग चालतात. बांध्याचा उपयोग होतो, पण तो वाढलेल्या कुत्र्यात: लांब व अरुंद डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, आखूड गुळगुळीत केस आणि नराची खांद्यापाशी साधारण 27 ते 29 इंच उंची. दोन महिन्यांच्या पिल्लात यातले फारसे दिसत नाही, शिवाय पहिल्या पिढीचा संकर कित्येकदा हुबेहूब एका पालकासारखा दिसतो. म्हणून पिल्लाकडे कमी आणि त्याच्या आईकडे अधिक पाहावे. ती पिल्लांना पाजते आहे ना, हे तिच्या जागेवर जाऊन पाहावे, तिला चालवून दाखवण्यास सांगावे आणि शक्य असल्यास बापही पाहावा. आई दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून मी तरी पिल्लू घेणार नाही.

कागदाबाबत आपल्याकडे एक वेगळाच घोटाळा होतो. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत ही जात ‘कॅरॅव्हन हाऊंड’ या नावाने आहे, त्यामुळे कागदावर ‘मुधोळ’ हा शब्द नाही एवढ्यावरून तो खोटा ठरवू नये. कागदावर आईबापांची नावे व नोंदणी क्रमांक आहेत का, हे पाहावे. विक्रीची पावती किंवा लसीकरणाचे पुस्तक म्हणजे जातीचा दाखला नव्हे. मायक्रोचिप बसवलेली असेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडून ती स्कॅन करून घ्यावी आणि पंधरा अंकी क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. चिप जात सांगत नाही, हे कुत्रे कागदावरचेच आहे एवढेच सांगते. आणि वंशावळीचा कागदही शेवटी पैदासकाराने दिलेल्या माहितीवरच उभा असतो.

डीएनए चाचणीचा निकाल अंतिम समजण्याचीही चूक होते. प्रयोगशाळा आपल्या संग्रहातील जातींच्या नमुन्यांशी तुलना करते. ज्या जातीचे नमुने तिथे नाहीत ती निकालात येऊच शकत नाही, आणि तिच्याऐवजी जवळपासच्या भलत्याच जातींची नावे छापून येतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी संग्रहात कारवानी आहे का, हे विचारून घ्यावे.

मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. प्रथमच कारवानी घेणाऱ्याने बाजारात जाण्याआधी तिथली पूर्ण वाढलेली कुत्री पाहण्याची परवानगी विचारावी. पिल्लू कुठूनही घेतले तरी ते आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय घरी आणू नये. त्याआधी विकण्यास 2017 च्या श्वान पैदास नियमांनी मनाई केलेली आहे, आणि चार आठवड्यांचे पिल्लू ‘आजच न्या, उद्या उरणार नाही’ म्हणून हाती देणाऱ्याने त्याची टाळू कितीही काळी दाखवली तरी तिथून परत फिरावे.