व्यावसायिक पुनर्वसन सेवेचा उपयोग कसा करून घ्यावा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८३ सालच्या १५९ क्रमांकाच्या करारानुसार, दिव्यांग व्यक्तीला योग्य काम मिळावे, ते टिकवता यावे आणि त्यात बढतीही मिळावी, हा व्यावसायिक पुनर्वसनाचा हेतू आहे. त्यामुळे केवळ नोकरी मिळेपर्यंतच नव्हे, तर त्यानंतरही ही मदत मागावी.

या सेवेत मार्गदर्शन करणाऱ्या समुपदेशकाच्या पहिल्या भेटीला वैद्यकीय आणि शैक्षणिक कागदपत्रे न्यावीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपण काय करू शकतो, किती वेळ सलग बसू किंवा उभे राहू शकतो, प्रवास कसा करतो आणि कोणते काम मनापासून आवडते, हे आधीच लिहून काढावे. कारण क्षमतांचे मूल्यमापन आणि प्रशिक्षणाची निवड या माहितीवरच ठरते. सुचवलेले काम पटत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. निवड तुमची आहे, उपकार स्वीकारण्याचा हा प्रसंग नव्हे.

नियुक्तीपूर्वी कामाची जागा पाहून घ्यावी आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर), सांकेतिक भाषेचा दुभाषी, उंची बदलता येणारे टेबल किंवा लवचीक वेळ यांपैकी जे लागेल ते लेखी मागावे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या २७व्या कलमात अशा वाजवी सोयींचा स्पष्ट उल्लेख आहे. रुजू झाल्यावर अडचण आली, तर राजीनाम्याचा विचार करण्याआधी समुपदेशकाला कळवावे.