मॉरिस मायनर घेताय? आधी ग्रीस गन घ्या

आप्पांची मॉरिस मायनर, ही जुनी ब्रिटिश गाडी, माझ्याकडे आली तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर होतो. पहिल्याच पावसाळ्यात पिरनवाडीजवळ डावं पुढचं चाक मडगार्डाखाली दुमडलं. गाडी हळू होती म्हणून वाचलो. सर्व्हिसिंग महिन्यापूर्वीच झालेलं, पण खालच्या निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, कुणी गन लावलीच नव्हती.

या गाडीचा किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो पिन, वर आणि खाली आट्यांवर फिरतो. ग्रीस संपलं की आटे झिजतात आणि एक दिवस पिन निसटतो. खालचे आटे आधी जातात, कारण चिखल-पाणी तिथंच बसतं. म्हणून हे काम स्वतः करा.

मागच्या चाकांना उटी लावा. पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वरून-खालून धरून हलवा, खडखड लागली तर घरच्या कुणाला तरी बॅटरीच्या उजेडात सांधा बघायला सांगा. निपल फडक्यानं पुसा, नाहीतर ग्रीससोबत वाळूही आत जाते. काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, पुन्हा मारा. निपल ग्रीस घेत नसेल तर काढून रॉकेलमध्ये धुवा. दोन्ही बाजूंचे वर-खाली मिळून चार निपल, एकही सोडायचा नाही. मी हजार किलोमीटरला भरतो, पावसाळ्यात त्याआधीच.

पाने इंचीच वापरा, मिलिमीटरच्या पान्यानं नटाचे कोपरे जातात.

घेताना रंगाला भुलू नका. हिला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, पत्राच सगळं वजन पेलतो. दाराखालचा पत्रा आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बघा. खानापूरकडच्या पावसात राहिलेल्या गाडीत पुट्टीखाली गंजच निघतो.

एवढा खटाटोप का? अ‍ॅलेक इसिगोनिसनं सामान्य माणसासाठी केलेली गाडी ही, १९४८ची. नमुना अरुंद वाटला म्हणून त्यानं तो मधोमध कापून चार इंच रुंद केला! दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. आपल्याकडे ती बेबी हिंदुस्थान म्हणून आली. रॅक-पिनियनचं स्टिअरिंग इतकं नेमकं, की रस्त्यातला खडा हाताला कळतो. आप्पा मला शेजारी बसवून तेच दाखवायचे. परवा ग्रीस भरून खानापूर रोडला नेली, तेव्हा चाक माझ्या मुलीच्या हातात होतं.