तुलाँचा वेढा मातीच्या नकाशावर कसा शिकवावा

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना वेढा म्हटले की देवगिरी किंवा परांडा आठवतो, म्हणजे तट, खंदक आणि तुटलेली रसद. फ्रान्सच्या भूमध्य समुद्रावरील नाविक तळाला, तुलाँला, १७९३ मध्ये पडलेला वेढा या चौकटीत बसत नाही, कारण आतल्यांना समुद्राची वाट मोकळी होती. जहाजे बंदरात सुरक्षित उभी राहू शकतात की नाही, यावरच तेथील निकाल अवलंबून होता. हे फळ्यावर समजावणे अवघड जाते. त्यासाठी शाळेच्या अंगणात मातीचा नकाशा करावा.

एक फूट म्हणजे एक किलोमीटर असे प्रमाण धरून बारा फूट लांबरुंद जागा आखावी. काळी माती वाळताच भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम व गव्हाचा भुसा कालवावा. उत्तरेला फारोन डोंगर घ्यावा; त्याची उंची ५८४ मीटर असल्याने तो सात इंचांचा होतो. पायथ्याशी शहर व गोदी, त्यांच्या दक्षिणेला आतले बंदर, पश्चिमेकडून पाण्यात शिरलेले भूशिर आणि त्यापलीकडे पूर्वेला बाहेरचे बंदर दाखवावे. भूशिराच्या टोकाशी एगियेत आणि बालागिए या दोन ठाण्यांच्या खुणा कराव्यात. समुद्रासाठी पाणी वाया घालवू नये; निळी रांगोळी पसरून भुईमुगाची टरफले जहाजे म्हणून मांडावीत.

मग प्रसंग सांगावा. क्रांतिकारी सरकारविरुद्ध उठलेल्या शहराने ऑगस्टअखेर बंदर ॲडमिरल हूड यांच्या ब्रिटिश आरमाराच्या आणि त्यांच्या स्पॅनिश मित्रांच्या हवाली केले; ते परत घेण्यासाठी प्रजासत्ताकाच्या, म्हणजे त्या सरकारच्या, सैन्याने वेढा घातला. (आपल्याकडे खर्ड्याची लढाई झाली ती यानंतर सुमारे दीड वर्षाने, आणि तीत निजामाच्या पलटणींवर रेमंड हा फ्रेंच अधिकारी होता, हे सांगितल्यास काळाचे भान लगेच येते.)

आता प्रत्येक गटाला दीड फुटाची दोरी द्यावी. ती तोफेचा पल्ला समजावी. तोफ कोठे ठेवाल, असे विचारून थांबावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये. बहुतेक मुले तोफ शहराच्या तटासमोर ठेवतील. दोरीचे एक टोक एगियेतवर धरून दुसरे फिरवले की ते दोन्ही बंदरांना जोडणाऱ्या अरुंद वाटेवर पोचते, आणि आतली टरफले कोंडली जाणार हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. वेढा घालणाऱ्या सैन्यातील तोफखान्याचा २४ वर्षांचा अधिकारी नेपोलियन बोनापार्ट हेच सांगत होता. सेनापती कार्तो यांनी मात्र सप्टेंबरात तेथे अपुरी तुकडी पाठवली. हल्ला फसला आणि सावध झालेल्या ब्रिटिशांनी त्या भूशिरावरील उंचवट्यावर मलग्रेव्ह किल्ला उभारला. तो येथे ओल्या मातीने, मुलांच्या हातूनच करून घ्यावा, म्हणजे दवडलेल्या संधीची किंमत कळते.

पुढे द्युगोमिए सेनापती झाले. १६ डिसेंबरच्या रात्री भर पावसात चढाई होऊन पहाटेपर्यंत मलग्रेव्ह पडला, आणि आरमाराला बंदर सोडणे भाग पडले. १८ च्या रात्री ब्रिटिश अधिकारी सिडनी स्मिथ यांनी गोदीतील फ्रेंच जहाजांना आगी लावल्या, तेव्हा टरफले बाहेर काढावीत. हजारो नागरिक जहाजांवरून गेले, आणि १९ तारखेला प्रजासत्ताकाचे सैन्य शहरात शिरल्यावर मागे राहिलेल्या शेकडो लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. विजयाच्या कौतुकात हा भाग गाळणे मला अन्यायाचे वाटते.

फारोन डोंगरही १७ डिसेंबरलाच पडला. त्यामुळे सर्व श्रेय बोनापार्ट यांना द्यावे का, हा प्रश्न गृहपाठाला द्यावा आणि उत्तरासोबत दोरीने मोजलेले अंतर लिहायला सांगावे.