दम उसळला की आधी रक्त, मग स्टेरॉइड

पऱ्हाटी-तुराटीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, कडाक्याच्या थंडीत उसळतो. ती धापा टाकत प्राथमिक आरोग्य केंद्रात येते आणि घाईघाईत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आधी टोचलं जातं, रक्त मागाहून घेतलं जातं. स्टेरॉइडनं काही तासांतच इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) घटतात. मग धोका सांगणारी सर्वात स्वस्त खूण हातची जाते.

आल्याबरोबर ऑक्सिमीटर लावा आणि सालब्युटामॉलचं (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) नेब्युलायझर सुरू करा. ते हवेवर चालवा, ऑक्सिजनवर नको. ते चालू असतानाच जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्या. ट्यूब हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटीपालटी करा, नाहीतर गुठळी होऊन मोजणी चुकते. शीर सापडत नसेल तर मात्र उपचार अडवून ठेवू नका. ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांवरच ठेवा. ९८ करायच्या नादात कार्बन डायऑक्साइड साचतो, रुग्ण सुस्तावतो, आणि घरच्यांना वाटतं की झोप लागली.

रिपोर्टमधली नुसती टक्केवारी पाहू नका. पांढऱ्या पेशी १२,००० आणि इओसिनोफिल ३ टक्के, म्हणजे मायक्रोलिटरला ३६०. ३०० च्या वर स्टेरॉइड सहसा चांगलं लागू पडतं. पेशी १४,००० आणि इओसिनोफिल शून्य, तर सावध व्हा. स्लाइडवर १०० पेशी मोजून आलेलं शून्य किंवा एक हा निव्वळ योगायोग असू शकतो, म्हणून मशीनचा आकडा मागा.

दाखल रुग्णासाठी डीकॅफ (जिवाचा धोका मोजणारा) गुणांक काढा. इओसिनोफिल ५० पेक्षा कमी, एक्स-रेत न्यूमोनियाचा डाग, रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.३० च्या खाली, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके): प्रत्येकाला १ गुण. दम उसळण्याआधीही दमामुळे आधाराशिवाय घराबाहेर पडता येत नसेल तर १. अंघोळ आणि कपडे घालायलाही मदत लागत असेल तर २. बेरीज ३ किंवा जास्त आली तर जिवाला मोठा धोका आहे.

पीडी-१, पीडी-एल१ ही प्रथिनं म्हणजे टी-पेशींचे (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) ब्रेक आहेत. सीओपीडीच्या फुफ्फुसात पीडी-१ वाढलेला आढळतो, त्यामुळे पुढचा अंदाज बांधायला ते उपयोगी पडतील का, यावर संशोधन चालू आहे. पण उपचार ठरवायला सर्वमान्य मर्यादाच नाही. या तपासणीसाठी नागपूरला नमुना पाठवायला नातेवाइकांना खर्चात पाडू नका.

रक्त घेतल्यावर स्टेरॉइड द्या: प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, रोज एकदा, ५ दिवस. बेडका पिवळा-हिरवा झाला असेल आणि दमही वाढला असेल तर अँटिबायोटिक जोडा. गुंगी येत असेल किंवा पीएच घसरला असेल तर १०८ बोलवा. चिठ्ठीवर इओसिनोफिलचा आकडा आणि स्टेरॉइड दिल्याची वेळ, दोन्ही ठळक लिहा.