टर्बो इंजिनवर कार्ब्युरेटर बसवताय? या चुका टाळा

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर स्वस्तात विकल्या गेल्या. अशा गाडीचं इंजिन साफसफाईनंतर फिरतं, पण ईसीयूत, म्हणजे पेट्रोलचं इंजेक्शन चालवणाऱ्या संगणकात, पाणी गेलेलं असतं. नव्या ईसीयूची किंमत ऐकली की गॅरेजमध्ये कुणीतरी सुचवतंच, "इंजेक्शन काढून टाका, कार्ब्युरेटर बसवा, कटकट मिटली."

लोखंडी काम कोल्हापुरात अडत नाही. ॲडाप्टर प्लेट, मॅनिफोल्ड, इंजेक्टरच्या भोकांचे प्लग, सगळं उद्यमनगरात लेथवर करून मिळतं. काम फसतं ते वेगळ्याच ठिकाणी. कार्ब्युरेटर फक्त पेट्रोल मोजून देतो. ईसीयू मात्र स्पार्कचं टायमिंग, टर्बोचं बूस्ट (टर्बो दाबून भरतो त्या हवेचा दाब), रेडिएटरचा फॅन, पेट्रोल पंपाचा रिले असं सगळंच सांभाळत असतो. त्यातलं एकेक काम कोण करणार, हे ठरवल्याशिवाय स्पॅनर हातात घेऊ नका. आणि त्याआधी हिरवे पडलेले कनेक्टर, अर्थिंग आणि सेन्सर तपासा. पुरातल्या गाडीत ईसीयू शाबूत आणि वायरिंग कुजलेलं, असंही निघतं.

इंजिन कोणतं, हे न बघणं

डिझेलवर हे होतच नाही. तिथे स्पार्क नाही, कार्ब्युरेटरचा प्रश्नच येत नाही.

पेट्रोलमध्येही फरक आहे. नेक्सॉनचं १.२ रेव्होट्रॉन एमपीएफआय आहे, म्हणजे पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये उडतं. बलेनो आरएसचं १.० बूस्टरजेट किंवा पोलो जीटीचं टीएसआय यांच्यात ते थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे उडणारं पेट्रोल आतली हवा थंड करतं, आणि त्या भरवशावर ही इंजिनं कॉम्प्रेशन आणि बूस्ट झेलतात. तो गारवा काढून घेतला की नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं, ठरलेलं. शिवाय इंजेक्टरच्या जागी बसवलेल्या प्लगला ज्वलनाचा पूर्ण दाब सोसावा लागतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनाला हात लावू नका, असंच मी सांगेन.

टायमिंगचा विचार शेवटी करणं

आजच्या इंजिनांना डिस्ट्रिब्युटर नसतो, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असते. ईसीयू गेला की स्पार्कही गेला. मग क्रँकच्या दातेरी चक्रावरून सिग्नल घेणारं आणि बूस्ट ओळखणारं वेगळं इग्निशन युनिट लागतं. दर १ पीएसआय बूस्टला साधारण १ अंश टायमिंग मागे घ्यायचं, हा जुना ठोकताळा सुरुवातीला चालतो. नॉक सेन्सरची राखण आता नाही. पन्हाळ्याच्या चढाला वाघबीळजवळ इंजिन टिणटिण वाजू लागलं तर ते नॉकिंग समजा आणि तिथेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. तसंच दामटलं तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. असं युनिट घेणारच असाल, तर आणखी थोडे पैसे घालून पेट्रोलही सांभाळणारा प्रोग्रॅमेबल ईसीयू घ्या. इंजेक्टर जागेवर राहतात आणि खालची निम्मी डोकेदुखी वाचते. हौसेने, ट्रॅकसाठी कार्ब्युरेटरच हवा असेल तर पुढे वाचा.

पेट्रोलचा दाब तसाच ठेवणं

सगळ्यात जास्त गाड्या इथे अडतात. इंजेक्शनचा पंप साधारण ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास दाब देतो. कार्ब्युरेटरच्या निडल व्हॉल्व्हला ३ ते ५ पीएसआय पुरतात. पंप तसाच जोडला की निडल उघडी राहते, बाऊल (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) ओव्हरफ्लो होतो आणि पेट्रोल इंजिनवर सांडतं.

कुणी मग दाब ४ पीएसआयवर बांधून टाकतं. आयडलिंग मस्त, गावात गाडी छान, आणि टर्बो लागला की गप्प. कारण टर्बो कार्ब्युरेटरच्या आधी असेल तर बाऊलवरही बूस्टचा दाब येतो. बूस्ट ८ पीएसआय आणि पेट्रोल ४ पीएसआयने येत असेल, तर ते आत शिरणार कसं? बूस्टची नळी जोडलेला, बूस्टइतकाच दाब वाढवणारा रेग्युलेटर आणि टाकीकडे परतीची लाइन, दोन्ही हवेत. १९८५ च्या रेनॉ ५ जीटी टर्बोमध्ये सोलेक्स कार्ब्युरेटर असाच टर्बोच्या नंतर होता, म्हणजे पद्धत खोटी नाही. पण तो कार्ब्युरेटर त्या कामासाठी बनवलेला होता. जुन्या मारुतीचा काढून लावलात तर पोकळ फ्लोट दाबाखाली चेपतो आणि थ्रॉटलच्या दांड्याजवळून पेट्रोलची वाफ बाहेर फुंकली जाते. शेजारी तापलेला टर्बो असतो. आग लागायला आणखी काही लागत नाही. दांड्याला सील, भरीव फ्लोट आणि मधे हीट शील्ड यांत काटकसर करू नका.

कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवला, १९६२ च्या शेवरले कॉर्व्हेअर स्पायडरसारखा, तर दाबाचं गणित सोपं होतं. मात्र इंटरकूलर काढावा लागतो, नाहीतर त्यात पेट्रोल साचतं. आणि आयडलला टर्बोवर व्हॅक्यूम येऊन ऑइल ओढलं जातं, म्हणून कार्बन सीलचा टर्बो लागतो. सिग्नलला निळा धूर दिसला तर आधी तिथेच बघा.

राहून जाणाऱ्या गोष्टी

रेडिएटरच्या फॅनला थर्मल स्विच लावा. पेट्रोल पंपाला ऑइल प्रेशर स्विचमधून रिले द्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबेल. अपघातात हाच रिले जीव वाचवतो. ॲक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असेल तर केबलचं पेडल बसवावं लागेल. बूस्टवर मर्यादा घालणाऱ्या वेस्टगेटची नळी सोलेनॉइडवरून काढून मोकळी सोडू नका. ती टर्बोच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली हवा बाहेर पडते त्या तोंडाला थेट जोडा, नाहीतर बूस्टला लगामच राहत नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल अडवतं आणि कलम १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावरच्या गाडीला हे करूच नये. बंद ट्रॅकवरची गाडी ही वेगळी गोष्ट.

जेट अंदाजाने निवडणं

पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलपेक्षा त्याला साधारण ८ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या तक्त्यातली जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) लीन पडते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. जुने डायफ्राम आणि पॅकिंगही त्यात फुगतात, ते आधीच बदला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे बसवलेली जेट आंबा घाट उतरून रत्नागिरीत गेल्यावर आणखी थोडी लीन होते, त्यामुळे सेटिंग किंचित रिचकडेच, म्हणजे जास्त पेट्रोलकडे ठेवा. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावून पूर्ण बूस्टला हवा आणि पेट्रोलचं ११.५ ते १२ चं प्रमाण मिळतंय का बघा. १३ च्या वर आकडा गेला की लगेच पाय काढा आणि मोठी जेट घाला. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर मिश्रण फार रिच आहे. ते ऑइल त्याच दिवशी बदला, पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला चालत नाही.